धरणाचे पाणी आणि एक जुना खेळ

सोलापूरच्या माणसाला काही शब्द शिकवावे लागत नाहीत. टीएमसी, मृतसाठा, आवर्तन, विसर्ग हे शब्द पाठ्यपुस्तकात भेटण्यापूर्वीच येथील मुलांच्या कानांवर पडलेले असतात. उजनीत पाणी किती, हा प्रश्न या जिल्ह्यात कुशलप्रश्नाइतक्याच सहजतेने विचारला जातो. परंतु धरण काठोकाठ भरलेले असतानाही घरच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, हा अनुभवही या शहराने अनेक वर्षे घेतला आहे. पाणी असणे आणि पाणी मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत; त्या दोहोंच्या मध्ये नदी, कालवा व जलवाहिनी जशी असते तशीच सत्ताही असते, हे ज्ञान सोलापूरकराला कोणत्याही ग्रंथाविना झालेले आहे.

अशा शहरात एका व्हिडिओ गेमची चर्चा अग्रलेखाच्या पानावर करावी काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु २०१० साली निघालेला ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ ज्या प्रश्नाभोवती रचलेला आहे, तो प्रश्न ‘धरण कोणाचे?’ हाच आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘फॉलआउट’ या नावाची दूरचित्रमालिका आली, डिसेंबर २०२५ मध्ये तिचे दुसरे पर्व सुरू झाले आणि ते न्यू व्हेगास नगरीतच नेणारे असल्याने हा जुना खेळ पुन्हा अनेकांच्या संगणकावर उघडला गेला. महाविद्यालयीन तरुण तो खेळतात. त्यांच्या शिक्षकांना आणि पालकांना त्याची वार्ताही नसते. ही दरी असू नये.

खेळ म्हटला की नाक मुरडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण अशी सवय सुटू शकते, याचे उदाहरण मराठीतच आहे. विज्ञानकथेला एके काळी साहित्याच्या पंगतीत पाट मिळत नव्हता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, तेव्हा लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. ते टोपणनाव होते आणि लेखक होते जयंत नारळीकर. आपल्या कीर्तीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी ही काळजी घेतली होती. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सुमारे पाऊणशतकाच्या अंतराने नव्हे, तर एका लेखकाच्या हयातीतच हा साहित्यप्रकार उपेक्षेकडून सन्मानाकडे गेला. नारळीकर मे २०२५ मध्ये निवर्तले. कल्पित विज्ञानाच्या आधारे आजच्या समाजाचा विचार करावयाचा ही जी रीत त्यांनी व त्यांच्या सहप्रवाशांनी मराठीत रुजविली, तीच रीत या खेळातही आढळते. साधन मात्र निराळे आहे.

ते साधन प्रथम समजून घेतले पाहिजे. कादंबरीत नायक काय करणार हे लेखकाने ठरविलेले असते. या जातीच्या खेळात एक विस्तीर्ण प्रदेश खेळणाऱ्यापुढे मोकळा असतो. कोठे जावे, कोणाशी बोलावे, कोणाचे काम पत्करावे आणि कोणाचे नाकारावे हे तोच ठरवितो, आणि त्या निर्णयांप्रमाणे कथा वळण घेते. कॅलिफोर्नियातील ऑब्सिडियन एंटरटेनमेंट या संस्थेने तो जोश सॉयर यांच्या दिग्दर्शनाखाली जेमतेम दीड वर्षात सिद्ध केला. २०७७ मध्ये झालेल्या अणुयुद्धानंतर दोन शतकांनी, म्हणजे २२८१ साली, अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात ही कथा घडते. नायक कोणी राजपुत्र वा सेनापती नाही. तो निरोप व वस्तू पोचविणारा एक साधा कुरियर आहे. त्याच्याजवळची वस्तू हिरावून, त्याच्या डोक्यात गोळी घालून त्याला खड्ड्यात पुरले जाते. एका खेड्यातील वृद्ध डॉक्टरच्या उपचाराने तो वाचतो आणि मारेकऱ्याच्या शोधार्थ बाहेर पडतो. शोध घेता घेता त्याच्या ध्यानी येते की, सर्वांच्या नजरा एकाच ठिकाणी लागलेल्या आहेत. ते ठिकाण म्हणजे हूवर धरण.

या धरणावर तीन सत्तांचा डोळा आहे. पहिली न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक. हे लोकशाही राष्ट्र आहे. तेथे निवडणुका आहेत, कायदा आहे, कर आहेत आणि दप्तरदिरंगाईही आहे. त्याचा विस्तार त्याच्या ऐपतीबाहेर गेलेला आहे. ठिकठिकाणच्या ठाण्यांवर माणसे अपुरी आहेत आणि वरिष्ठांना खालची खबर वेळेवर पोचत नाही. दुसरी सत्ता सीझर या नावाने वावरणाऱ्या हुकूमशहाची. हा गृहस्थ मूळचा विद्याव्यासंगी; जुन्या रोमचा इतिहास वाचून त्याने गुलामगिरीवर उभे असलेले लष्करी राज्य स्थापिले आहे आणि त्याच्या समर्थनार्थ तो हेगेलचे तत्त्वज्ञान सांगतो. वाचन दांडगे असूनही विवेक नसला म्हणजे काय होते, याचे हे चित्र इतिहासाच्या शिक्षकांनी अवश्य पाहावे. तिसरा मिस्टर हाऊस. युद्धापूर्वीचा हा उद्योगपती यंत्रांच्या साहाय्याने दोनशे वर्षे जिवंत राहिला आहे आणि यंत्रमानवांच्या फौजेच्या बळावर व्हेगास नगरी चालवितो. त्याच्या नगरात दिवे आहेत, शिस्त आहे. मात्र नागरिकाला मत नाही. या तिघांनाही झुगारून व्हेगास स्वतंत्र करण्याचा चौथा मार्गही खेळणाऱ्याला मोकळा ठेवलेला आहे.

खेळाची खरी किंमत या सत्तांच्या वर्णनात नाही, वाटपाच्या प्रश्नांत आहे. धरणावर ताबा प्रजासत्ताकाच्या सैन्याचा आहे. करारान्वये ९५ टक्के वीज ते घेते आणि ५ टक्के व्हेगासकडे येते. धरण एका प्रदेशात आणि लाभ दुसऱ्या प्रदेशास, ही तक्रार खेळातील सामान्य माणसे सतत करीत असतात. ती ऐकताना सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला आपण परक्या देशात आहोत असे वाटणार नाही.

वाळवंटात हेलिओस वन नावाचे एक सौरऊर्जा केंद्र आहे. तेथे प्रजासत्ताकाने नेमलेला प्रमुख तंत्रज्ञ हा विषयाची गंधवार्ता नसलेला बोलघेवडा आहे. नेमणूक कशी झाली हे तो स्वतःच मोठ्या आनंदाने सांगतो. सरकारी नेमणुकांविषयी अनुभव असलेल्या कोणाही कारकुनाला या प्रसंगी हसू आल्यावाचून राहणार नाही. पण ते केंद्र कुरियरने सुरू केले की हसू मावळते. वीज कोणाला द्यावयाची? लष्करी तळ आणि श्रीमंतांच्या वस्तीला द्यावी, फ्रीमाँट आणि वेस्टसाइड या गरीब वस्त्यांना द्यावी, की साऱ्या प्रदेशात थोडी थोडी वाटावी? की ती सारी शक्ती एका विध्वंसक अस्त्राकडे वळवावी? समान वाटपाचा पर्याय ऐकावयास सर्वांत न्याय्य वाटतो. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला मात्र थोडेच येते. खेळ कोणत्याही उत्तराला शंभर गुण देत नाही. निर्णय घेणाऱ्याने तो घ्यावा आणि त्याचे ओझेही वाहावे, एवढेच तो सांगतो.

पाण्याचा प्रसंग याहून बोचरा आहे. प्रजासत्ताकाच्या मालकीच्या शेतांना नळाने मिळणारे पाणी कमी पडू लागते. त्याचा तपास करणारा एक शिपाई नाहीसा होतो. शोध घेतल्यावर उलगडते ते असे : वेस्टसाइडच्या गरीब रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर शेती सुरू केली आहे, तिला लागणारे पाणी सरकारी वाहिनीतून चोरून वळविलेले आहे आणि हे उघडकीस येऊ नये म्हणून त्या शिपायाचा जीव घेतला गेला आहे. घेणारा माणूस गुंड नाही. गोरगरिबांच्या सेवेस वाहिलेल्या संस्थेचा तो कार्यकर्ता आहे. सत्य सांगावे तर उपाशी वस्तीचे पाणी तुटते, लपवावे तर खून पचतो आणि दुसरीकडील कष्टकऱ्यांची शेते वाळतात. ज्या जिल्ह्यात कालव्यावरील मोटारी, वरच्या भागातला उपसा आणि शेवटच्या टोकाला कोरडी राहणारी चारी हे नित्याचे विषय आहेत, तेथे या प्रसंगाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच शेतांवर दुसरेही संकट आहे. जवळच्या एका भूमिगत आश्रयस्थानातील अणुभट्टी बिघडली असून तिचा किरणोत्सर्ग जमिनीतील पाण्यात झिरपतो आहे. भट्टी बंद केली तर शेते वाचतात, परंतु आत अडकलेली काही माणसे मरतात. त्यांना बाहेर काढावे तर शेते नासतात. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी ज्या जलाशयात येऊन मिळते त्याच जलाशयावर तहान भागविणाऱ्यांना, दूरच्या ठिकाणच्या बिघाडाची किंमत खालच्या माणसाने कशी मोजावी लागते, हे वेगळे सांगावयास नको.

खेळातील हे धरण काल्पनिक नाही. कोलोरॅडो नदीवरील खरे हूवर धरण १९३१ ते १९३६ या काळात बांधले गेले. त्या नदीचे पाणी सात राज्यांत वाटण्याचा करार १९२२ साली झाला. त्यासाठी धरलेली वर्षे नेमकी भरपूर पाण्याची होती. परिणामी नदीत जेवढे पाणी असते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटले गेले. जुलै २०२२ मध्ये त्या धरणामागील मीड जलाशयाची पातळी, तो प्रथम भरल्यापासूनच्या नीचांकाला गेली. कागदावरचे पाणी आणि पात्रातले पाणी यांतील हे अंतर भीमेच्या खोऱ्यालाही अपरिचित नाही. कृष्णा खोऱ्याच्या पाण्याचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७३ मध्ये आला. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, परंतु त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. उपयुक्त म्हणावे असे पाणी निम्म्याहूनही कमी. जानेवारी २०२४ मध्ये पातळी या मृतसाठ्याच्याही खाली गेली आणि पुढचा सारा उन्हाळा ‘उणे’ टक्केवारीच्या बातम्या वाचण्यात गेला. पाणी उतरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे बुडालेले पुरातन मंदिर वर येते. लोक ते पाहावयास जातात. धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांचा त्याग अशा उन्हाळ्यातच काय तो दृष्टीस पडतो.

या पाण्याचे दावेदार किती आहेत, याची मोजदाद करावी. सोलापूर शहर आहे, पंढरपूर आणि सांगोला आहे, नदीकाठची गावे आहेत. साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर असलेल्या या जिल्ह्याचा ऊस आहे. शहराजवळील १३२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. वरच्या बाजूस इंदापूर आहे. २०२१ मध्ये त्या तालुक्यासाठी ५ टीएमसी पाणी उचलण्याचा निर्णय झाला तेव्हा सोलापूर जिल्ह्यात आंदोलन उभे राहिले आणि तो निर्णय रद्द करावा लागला. यातील प्रत्येकाची बाजू ऐकली की ती पटते. येथेच हा खेळ उपयोगी पडतो. मोर्चात आणि सभेत माणूस एकाच बाजूचा असतो. खेळात त्याला प्रत्येक बाजूच्या घरी जाऊन, तिच्या ओसरीवर बसून तिचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि मग चावी स्वतःच्या हाताने फिरवावी लागते. त्यानंतर ‘त्यांनी आमचे पाणी पळविले’ एवढ्यावर त्याचे समाधान होणे कठीण आहे.

शेवटी खेळ हिशेब मांडतो. धरणावरची अखेरची लढाई संपली की एकामागून एक चित्रे येतात आणि प्रत्येक गावाचे, प्रत्येक वस्तीचे पुढे काय झाले ते निवेदक सांगतो. वाटेत विसरलेले लहानसे खेडेही त्या यादीत असते. ती लढाईही केवळ बंदुकीने जिंकावी लागते असे नाही. एवढा लांब पल्ला राखण्यास लागणारी रसद तुमच्याजवळ नाही, हे शत्रूच्या सेनापतीला युक्तिवादाने पटवून त्याला माघारी धाडता येते. वक्तृत्वाला आणि हिशेबाला इतका मान देणारे खेळ थोडेच असतील. प्रत्यक्ष जगात मात्र असा समारोप कोणी करीत नाही. योजना जाहीर होते, तिचे उद्घाटन होते. शेवटच्या टोकावरील गावाचे पुढे काय झाले हे सांगणारा निवेदक तेथे नसतो. ते काम वृत्तपत्रांचे आणि जागरूक नागरिकांचे आहे.

या खेळाचे दोषही स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. त्यात हिंसा आहे, रक्तपात आहे, आणि सतरा वर्षांखालील मुलांसाठी तो नाही असा शिक्का अमेरिकेतच त्यावर मारलेला आहे. शाळकरी मुलांच्या हाती तो देऊ नये. दुसरा दोष अधिक खोल आहे. साऱ्या प्रदेशाचे भवितव्य तेथे एकच माणूस ठरवितो. त्याला ना निवडणूक लढवावी लागते, ना सभागृहात उत्तर द्यावे लागते. एका कर्त्या पुरुषाने येऊन सर्व प्रश्न सोडवावेत ही वासना लोकशाहीला पोषक नाही, आणि आपल्या राजकारणात ती आधीच भरपूर आहे. तिसरे असे की, त्या वाळवंटात पाऊस नाही आणि दुष्काळही नाही. धरणातील पाणी वर्षानुवर्षे तेवढेच राहते. मृगाकडे डोळे लावून बसलेल्या खोऱ्यातील माणसाला हे खोटे वाटेल, आणि ते तसे आहेच.

खेळ प्रथम निघाला तेव्हा तर तो धड चालतही नव्हता; मध्येच बंद पडे, पात्रे भिंतीत अडकत. समीक्षकांच्या गुणांची सरासरी ८५ झाली तर कर्त्यांना जादा मोबदला मिळावयाचा होता. ती ८४ वर थांबली आणि तो गेला. पुढे मात्र एक नवलाची गोष्ट घडली. जगभरातील खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे, एक पैसाही न घेता, त्यातील चुका शोधल्या व दुरुस्त केल्या. आज हा खेळ चांगला चालतो त्याचे मोठे श्रेय त्यांना आहे. साध्या जुन्या संगणकावरही तो उघडतो. पंधरा वर्षांनी त्याकडे पुन्हा वळावे असे वाटते, त्यास ही दुरुस्तीही कारण आहे. सर्वांच्या उपयोगाची वस्तू बिघडली तर ती सर्वांनी मिळून नीट करावी, हा धडा त्याच्या कथेबाहेर, त्याच्या चरित्रातच आहे.

असे खेळ मराठी मुलुखात का निर्माण होऊ नयेत? कसब नाही असे म्हणता येणार नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये जगभर खेळला गेला; पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भविष्यकाळात घडणारा खेळ आणला. पहिला पुराणकथांवर आधारलेला, दुसरा प्रामुख्याने चकमकींचा. भीमेच्या खोऱ्यावर, बुडालेल्या गावांवर, बंद पडलेल्या गिरण्यांवर, पाळीच्या पाण्यावर बेतलेला खेळ अजून व्हावयाचा आहे. त्याला लागणारी सामग्री परदेशातून मागवावी लागणार नाही. मे १९३० मध्ये ज्या शहरातून काही दिवस परकीय अंमल नाहीसा झाला आणि ज्याने नंतर मार्शल लॉ सोसला, त्या शहराच्या इतिहासात ‘सत्ताधीश गेल्यावर कारभार कोणी पाहावयाचा?’ हा स्वतंत्र व्हेगासचा प्रश्न प्रत्यक्षच घडून गेला आहे.

तोवर एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. महाविद्यालयातील नागरिकशास्त्राच्या वा भूगोलाच्या शिक्षकाने एखाद्या तासाला हेलिओस वनचा प्रश्न फळ्यावर मांडावा आणि त्या केंद्राच्या जागी उजनीचे नाव लिहावे. शहर, ऊस, वीज केंद्र, शेवटच्या टोकाचा शेतकरी आणि वरचा तालुका, यांतील एकेक बाजू एकेका विद्यार्थ्याकडे द्यावी. अर्ध्या तासाने बाजू बदलावयास सांगावे. एकमत होणार नाही आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. दुसऱ्याची तहान मोजावयास शिकणे एवढे साधले तरी तो तास वाया गेला असे म्हणता येणार नाही. सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या हातांनी तळे खणविले अशी या शहराची श्रद्धा आहे. ते तळे आजही शहराच्या मध्यभागी आहे. पाणी सर्वांचे असते हे त्या श्रद्धेने केव्हाच सांगून ठेवले आहे. ते सर्वांपर्यंत कसे पोचवावयाचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीने नव्याने सोडवावा लागतो.